गगनबावड्याची तांबडी, शिरोळची काळी: मृदा विज्ञान आणि बदलत्या हवामानाची एमएस्सी करायची तर

अर्ज भरायच्या आधी एक दिवस मोकळा काढा. गाडी असेल तर गाडीने, नसेल तर एसटीने सकाळी गगनबावडा गाठा. सोबत खुरपे, पाण्याची बाटली, चार पिशव्या आणि पेन्सिल एवढे पुरे.

गगनबावड्यात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीजवळ थांबा. माती विटेसारखी तांबडी दिसेल. मूठभर ओली करून बोटांत चोळली तर रंग सोडते, पण फार चिकटत नाही. एक पिशवी भरा आणि साळवण, कळे करत खाली उतरा. दर पंधरा-वीस किलोमीटरवर हात मातीत घाला. कोल्हापूर ओलांडून हातकणंगले, जयसिंगपूर करत शिरोळला पोचेपर्यंत तीच मूठ काळी झालेली असते, वळली की तिची कडी होते, आणि उन्हाळा असेल तर शेतात पाय मुरगळेल अशा भेगा पडलेल्या असतात. अंतर शंभरेक किलोमीटर. पाऊस मात्र एका टोकाला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या घरात आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम ६००.

गंमत अशी की खालचा खडक दोन्हीकडे तोच, दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पश्चिमेला पावसाने चुना, मॅग्नेशियम, पोटॅशच काय, सिलिकाही धुऊन नेली. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आणि केओलिनाइट नावाची मवाळ चिकणमाती. पूर्वेला धुवायला पाणीच कमी, निचराही मंद. तिथे स्मेक्टाइट तयार झाले. पाणी पिऊन फुगणारी आणि वाळून भेगाळणारी ती हीच माती. हवामान, सजीव, भूरचना, मूळ खडक आणि काळ या पाच गोष्टी माती घडवतात अशी मांडणी हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये केली. ती पाठ करायला दहा मिनिटे लागतात आणि पटायला हा रस्ता लागतो.

एक इशारा इथेच देतो, कारण मुलाखतीत हाच प्रश्न येतो. ही तुलना वाटते तितकी निखळ नाही. गगनबावड्याची माती जागेवर तयार झालेली आहे. शिरोळात, नदीकाठच्या मळीच्या रानात तर विशेषच, ती कृष्णा-पंचगंगेने आणून टाकलेली असू शकते. म्हणजे हवामानाबरोबर भूरचना आणि मूळ द्रव्यही बदलले. 'फक्त पाऊस बदलला' असे ठोकून देणाऱ्याला परीक्षक सोडत नाही, आणि सोडूही नये. परतताना नरसोबाच्या वाडीची बासुंदी खाऊन या, दिवस सत्कारणी लागला.

दारे तीन आहेत

पहिले दार कृषी विद्यापीठाचे. बीएस्सी ॲग्री झाली असेल तर एमएस्सी ॲग्रीला मृदा विज्ञान हा विषय घेता येतो. कोल्हापूरचे राजर्षी छत्रपती शाहू महाराज कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मोडते. अकोला, परभणी आणि दापोली ही राज्यातली आणखी तीन कृषी विद्यापीठे. राज्यातल्या प्रवेशासाठी पदव्युत्तर सीईटी, तर देशभरातल्या कृषी विद्यापीठांमधल्या आणि दिल्लीच्या पुसा संस्थेसारख्या ठिकाणच्या जागांसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएआरची, एआयईईए-पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तिथे मृदा विज्ञान 'फिजिकल सायन्स' या गटात येते. दोन्ही परीक्षा द्या. एकीचा अभ्यास दुसरीला उपयोगी पडतोच.

दुसरे दार बिगर-कृषी विद्यापीठाचे. रसायनशास्त्र, भूगोल, भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रात तीन वर्षांची बीएस्सी केलेल्यांना एमएस्सी ॲग्रीचे दार सहसा बंद असते. त्यांनी खट्टू होऊ नये. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा आणि भूगोलाचा विभाग आहे, आणि प्रबंध मातीवर करायला तिथे कोणाची आडकाठी नाही. माझ्या मते हवामानबदलावर काम करणारा मुलगा रसायनशास्त्रातून आला तर कधीकधी जास्त चालतो, कारण क्रोमेट, परमँगनेट, टायट्रेशन ही त्याची रोजची भाषा असते. त्याला शेत शिकावे लागते आणि ॲग्रीवाल्याला रसायन. दोघांनी एकाच खोलीत राहावे हे उत्तम.

तिसरे दार परदेशाचे. 'माती आणि जागतिक बदल' हेच नाव असलेला दोन वर्षांचा, १२० युरोपीय क्रेडिटचा संयुक्त अभ्यासक्रम बेल्जियममधले गेंट, जर्मनीतले ग्योटिंगेन, ऑस्ट्रियातले व्हिएन्नाचे बोकू आणि डेन्मार्कमधले आरहूस या चार विद्यापीठांनी मिळून उभा केला. नेदरलँड्समधले वाखेनिंगेनही या विषयातले मोठे नाव आहे. इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १४०० युरो मिळतात. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मुदती आणि अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरातच वाचा, मित्राच्या मोबाइलमधला जुना स्क्रीनशॉट नको. तिथल्या अर्जात सगळ्यात जड जाते ते उद्देशपत्र. त्यात 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे' असे लिहिणारे हजार असतात. 'माझ्या गावी चाळीस वर्षे पाटपाणी देऊन जमिनीला मीठ फुटले, त्याच तुकड्यावर निचऱ्याचे पाइप घातल्यावर मातीतल्या कर्बाचे (कार्बनचे) काय होते हे मला मोजायचे आहे' असे लिहिणारा एखादाच. वर सांगितलेला एक दिवस तेवढ्यासाठीही करायचा.

दार कोणते हे पैशावर आणि गुणांवर ठरेल. पण मार्गदर्शक कोण आणि शेत कुठले, यावर तुमची दोन वर्षे कशी जातील ते ठरते. हे मी उलट्या क्रमाने शिकलो.

मार्गदर्शक निवडण्याआधी त्यांचे प्रबंध वाचा

'कृषिकोष' या आयसीएआरच्या ऑनलाइन भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. तिथे मार्गदर्शकाच्या नावाने शोधा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे गेल्या काही वर्षांतले तीन-चार प्रबंध उघडा. सारांश सोडा, 'साहित्य आणि पद्धती' हे प्रकरण वाचा. प्रत्येक प्रबंधात तेच शब्द आणि तीच वाक्यरचना असेल तर काय ते समजा. नमुने किती घेतले, कुठल्या खोलीवर, किती वेळा तपासले हे साफ लिहिलेले असेल तर त्या हाताखाली शिकायला मिळते.

मग भेटायला जा. जाताना विषय मागू नका, प्रश्न घेऊन जा. 'सर, मला एखादा टॉपिक द्या' म्हणणाऱ्याला कपाटातला टॉपिक मिळतो.

प्रश्न: इथे घाई नको

एमएस्सी ॲग्रीला सत्तर क्रेडिट असतात, त्यातले तीस संशोधनाचे. म्हणजे जवळजवळ अर्धी पदवी एका प्रश्नावर उभी. आणि हवामानबदल हा विषय असा की त्याचा काळ वेगळा आणि तुमचा वेगळा. इथेच बहुतेकांची गाडी फसते.

उदाहरण घ्या. शिरोळच्या एका रानात सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के आहे, मातीची स्थूल घनता १.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे आणि तुम्ही वरच्या ३० सेंटिमीटरचा हिशेब करताय. टक्के गुणिले घनता गुणिले सेंटिमीटरमधली खोली केली की हेक्टरी टन निघतात: ०.६ × १.३ × ३० = २३.४ टन कर्ब. आता २०१५ च्या पॅरिस परिषदेत पुढे आलेली 'हजारात चार' ही कल्पना घ्या: मातीतला कर्ब दरवर्षी हजारी चारने वाढवायचा. २३.४ टनांवर ते वर्षाला सुमारे ९४ किलो होतात. टक्केवारीत लिहिले तर ०.००२४. तुमची प्रयोगशाळा दुसऱ्या दशांशस्थळापर्यंतच आकडा देते, आणि त्यातलाही दुसरा दशांश भरवशाचा नसतो. म्हणजे आज नमुना घेऊन दोन वर्षांनी परत घेतला तर वाढ झाली की घटली हे सांगता येणार नाही. मुले तरी 'पाचट (उसाची वाळलेली पाने) आच्छादनाने दोन वर्षांत कर्ब वाढला' असे लिहितात. ती वाढ बहुधा ब्युरेटमध्ये असते.

यातून वाट अशी की काळाच्या जागी जागा वापरायची. एकाच शिवारात, एकाच मातीत बांधाला बांध लावून असलेली रानं शोधा. एकाने पंधरा वर्षे पाचट जाळले, शेजाऱ्याने पंधरा वर्षे सरीत ठेवले. किंवा एका तुकड्यात भूमिगत सच्छिद्र पाइपचा निचरा होऊन दहा वर्षे झाली, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात अजून नाहीच. शिरोळ तालुक्यात क्षारपड, म्हणजे मीठ फुटलेल्या, जमिनी सुधारायचे काम मोठ्या प्रमाणावर झालेले असल्यामुळे अशी मालिका तिथे सापडते, जगात सहज सापडत नाही. खोटे वाटेल, पण परदेशी प्राध्यापक या एका गोष्टीसाठी तुमची मेल शेवटपर्यंत वाचतो.

दुसरा गुंता पिकाचा. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा ते अठरा महिने उभा राहतो. तुमचे प्रवेश होऊन, विषय मंजूर होऊन शेतात जायला पहिलेच वर्ष सरते. आडसालीवर प्रयोग मांडला तर ऊस तुटायच्या आधी तुमची मुदत संपते. सुरू ऊस, म्हणजे वर्षभरात तुटणारा, किंवा खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारा, घ्या. आणि जून ते सप्टेंबर शेतात जाता येईल असे गृहीत धरू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. नदीकाठी मांडलेले प्रयोग खुंट्यांसकट जातात. पण पूर हाच प्रश्न केला तर? गाळ किती बसला, त्यात कर्ब किती, आठवडाभर पाण्याखाली राहिलेल्या मातीत नत्राचे काय झाले? असा प्रश्न घेणाऱ्याला पावसाळा अडवत नाही. मात्र पुराआधीचे नमुने हाताशी हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार?

पेपर कोणते घ्यावेत

मृदा भौतिकी, रसायन, सुपीकता आणि मातीची उत्पत्ती व वर्गीकरण हे घ्यावेच लागतात. उरलेल्या निवडीत मृदा जीवशास्त्र, रिमोट सेन्सिंग-जीआयएस आणि हवामानशास्त्राचा एक पेपर घ्या. संख्याशास्त्र सक्तीचे असते म्हणून कसेबसे उरकायचा मोह होतो. तो आवरा. पुढे जे काही अडते ते तिथेच अडते. 'आर' ही फुकटची संगणकभाषा आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस पहिल्या सत्रातच शिकून ठेवा, दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात.

एक छोटा स्वाध्याय: सॉइलग्रिड्स या जागतिक नकाशावर जगातल्या मातीचे अंदाज २५० मीटरच्या चौकटीत मिळतात. स्वतःच्या गावाची चौकट उघडा, तिथला सामू (पीएच) आणि कर्ब टिपा, आणि मग आपल्या रानाच्या माती परीक्षणाच्या अहवालाशी ताडून बघा. कुठे जुळते, कुठे नाही आणि का नाही, यावर दोन पाने लिहा. त्या दोन पानांत निम्मा अभ्यासक्रम येतो.

खणताना

नमुना घ्यायची शाळकरी पद्धत सगळ्यांना येते: नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा खड्डा, कडेची एकसारखी चकती, सगळी माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन फेकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी घ्यायचे नाही. खताच्या रिकाम्या पोत्यात भरायचे नाही. माती परीक्षणाला हे पुरते. कर्बाचा साठा काढायला पुरत नाही.

साठ्याला घनता लागते. ती मोजायला ठरावीक आकारमानाचे धातूचे नळकांडे मातीत ठोकून अख्खा गाभा काढावा लागतो. काळ्या रानात हे वाफसा (ना चिखल, ना कोरडे) असतानाच करा. ओली असताना माती फुगलेली असते आणि वाळली की आकसून घट्ट होते, म्हणजे एकाच रानाची घनता मार्चमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी. तुलनेची दोन्ही रानं एकाच ओलीत मोजली नाहीत तर पाचटाचा म्हणून दाखवलेला फरक खरे तर पाण्याचा निघतो. उन्हाळ्यात आणखी एक लबाडी होते. वरची भुसभुशीत माती भेगांतून खाली पडते, आणि साठ सेंटिमीटरवरून काढलेल्या नमुन्यात वरचा कर्ब येतो.

पश्चिमेकडे अडचण उलटी. गगनबावडा, राधानगरीकडे मातीत खडे फार. नळकांडे ठोकताना खड्यावर अडते. खडे चाळून, वजन करून वजा करा, कारण खड्यात कर्ब नसतो. ते न करता साठा काढला तर तो नुसता फुगीर आकडा.

एक तरी पूर्ण खड्डा मात्र खणाच, दीड मीटर खोल, उभा छेद दिसेल असा. गडी लावावा लागतो, पैसे जातात, आणि शेतकरी विचारतो, "विहीर काढतोयस व्हय रं?" पण थर कुठे बदलला, चुनखडीचे खडे कुठे सुरू झाले, मुळे कुठे थांबली हे गिरमिटाने कळत नाही. काळ्या मातीत खाली गेल्यावर घासून गुळगुळीत झालेले, चकाकणारे तिरके पृष्ठभाग दिसतात. माती स्वतःवरच सरकते त्याच्या खुणा. चित्रात पाहून कोणाला कळल्याचे मला ठाऊक नाही.

नमुने सावलीत वाळवा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि कर्बासाठीचा भाग आणखी बारीक करा.

कर्ब सगळ्यात जास्त कुठे? क्षारपडात!

ही माझी फजिती. दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत माझे पहिले वीस निकाल आले आणि मी हरखून गेलो. सर्वांत जास्त सेंद्रिय कर्ब निघाला तो आमच्या आबांच्या पांढऱ्या पडलेल्या तुकड्यात. तिथे धड गवतही उगवत नव्हते. मी रात्रभर बसून त्यावर सिद्धान्त रचला: पाणी साचते, प्राणवायू नाही, म्हणून सेंद्रिय पदार्थ कुजत नाहीत. मार्गदर्शकांनी शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, "क्लोराइड किती आहे?"

१९३४ पासून वापरात असलेली वॉकली-ब्लॅक पद्धत अशी: मातीत डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालायचे, डायक्रोमेट कर्बाचे ज्वलन करते, आणि किती डायक्रोमेट उरले यावरून कर्ब काढायचा. पण डायक्रोमेटला कर्ब आणि क्लोराइड यांतला फरक कळत नाही. मीठ फुटलेल्या मातीतल्या क्लोराइडवरही ते खर्च होते आणि आपण ते सगळे कर्बाच्या नावावर मांडतो. उपाय जुना आहे: ॲसिडमध्ये सिल्व्हर सल्फेट घालायचे, क्लोराइड अडकून बसते. मी ते महाग म्हणून वगळले होते. वीस नमुने पुन्हा केले आणि आबांचा तुकडा शेवटच्या क्रमांकावर गेला.

मग शहाणपणा सुचला की यंत्रावरच कर्ब मोजू, नमुना थेट जाळून. तिथे दुसरा खड्डा. यंत्र सगळा कर्ब मोजते, आणि आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, तिच्यातही कर्ब आहे. आधी सौम्य ॲसिडने चुनखडी काढावी लागते. गगनबावड्याच्या आम्ल मातीला याची गरज नाही. म्हणजे एकाच प्रबंधात जिल्ह्याची दोन टोके घेतलीत तर दोन्हीकडे एकच पद्धत डोळे झाकून चालवता येत नाही. पद्धतीच्या प्रकरणात हे लिहा. वॉकली-ब्लॅकमध्ये सगळा कर्ब जळत नाही, साधारण ७७ टक्केच जळतो असे धरून १.३ ने गुणतात. तुम्ही गुणले की नाही, तेही लिहा. दोन प्रबंधांचे आकडे न जुळण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

क्षारांचेही असेच. पुस्तकात क्षारयुक्त जमिनीची सीमा विद्युत वाहकता ४ डेसिसायमन्स प्रति मीटर अशी दिलेली असते. ती मातीच्या संपृक्त लगद्यातून काढलेल्या अर्काची. आपल्या माती परीक्षण प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. तो आकडा कित्येक पटींनी कमी येतो. अहवालात १.५ बघून 'जमीन ठीक आहे' म्हणाल तर शेतकरी हसेल. आणि क्षारपड व चोपण एक समजू नका. क्षारपडात विद्राव्य क्षार जास्त, निचरा करून गोड्या पाण्याने धुतले की सुधारते. चोपणात मातीच्या कणांवर सोडियम बसलेले असते, १५ टक्क्यांच्या वर, आणि सामू ८.५ च्या पुढे. तिथे जिप्सम न घालता नुसते धुतले तर जमीन आणखी बिघडते. आबा हे प्रयोगशाळेविना सांगतात: "ओली असंल तर लोणी, वाळली की धोंडा, ती चोपण."

जागतिक बदल एकरात कसा उतरवायचा

कर्बाइतकेच महत्त्वाचे, पण आपल्याकडे कमी मोजले जाते ते नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता अडवतो. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे नत्र सगळे युरियातून दिले तर एकरी ४५ किलोच्या पावणेआठ गोण्या. आंतरसरकारी हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०१९ च्या सुधारित नियमाप्रमाणे ओल्या हवामानात रासायनिक नत्राचा १.६ टक्के भाग या वायूच्या रूपात जातो असे धरतात. ४०० चे ६.४ किलो. हे झाले नत्र. वायूचे वजन काढायला ४४ भागिले २८ ने गुणा, १०.०६ किलो. त्याला २७३ ने गुणा: हेक्टरी सुमारे २७५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके. वरचे ९४ किलो कर्ब आठवा. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत ते ३.६७ ने गुणून ३४५ किलो होतात. पाचट ठेवून मिळवलेले युरियाच्या गोण्या कसे खाऊन टाकतात ते इथे दिसते. मातीच्या कर्बाची जाहिरात करणाऱ्या कार्बन क्रेडिटवाल्यांना हा हिशेब विचारून बघा.

पण हाच नियम कोरड्या हवामानाला १.६ ऐवजी ०.५ टक्के धरतो. शिरोळ पावसाच्या मानाने कोरडा, पाटपाण्याच्या मानाने ओला. मग कुठला आकडा? उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही, आणि मोजणे दोन वर्षांत होण्यासारखे आहे. सरीत बंद पेटी ठेवायची, शून्य, पंधरा आणि तीस मिनिटांनी सिरिंजने हवा काढायची, गॅस क्रोमॅटोग्राफ या वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर तपासायची. खत आणि पाणी दिल्यानंतरचे काही दिवस रोज, एरवी आठवड्याला. उत्सर्जनाचा मोठा भाग त्याच थोड्या दिवसांत होतो, ते चुकले तर हंगाम चुकला. प्रवेशाच्या वेळी विचारायचा प्रश्न एवढाच: क्रोमॅटोग्राफ चालू आहे का, की नुसता आहे? बंद असेल तर हा विषय घेऊ नका.

पुढची पन्नास वर्षे बघायची असतील तर मातीतल्या कर्बाचा अंदाज देणारे रोथ-सी हे संगणकी मॉडेल सोपे आहे. चिकणमातीची टक्केवारी, महिन्याचे तापमान, पाऊस, बाष्पीभवन आणि जमिनीत किती सेंद्रिय पदार्थ पडतो एवढे द्यावे लागते. ते पाणथळ मातीसाठी बनवलेले नाही, एवढे लक्षात ठेवा. शिरोळच्या पाणी साचलेल्या पट्ट्यात ते चालवून सुंदर आलेख काढणारे मी पाहिलेत.

शेतकऱ्याशी वागणे

परवानगी तोंडी चालते, पण तारीख सांगून जा. गळीत हंगामात तोड आली की रान मोकळे मिळते, ती वेळ गाठा. खड्डा बुजवताना खालची माती खाली, वरची वर. अहवाल परत द्या, मराठीत, एका पानावर. 'कमी', 'मध्यम' असे शब्द लिहून थांबू नका, किती गोण्या कमी टाकता येतील ते लिहा. निकाल परत न देणारे आपल्याआधी येऊन गेलेले असतात, म्हणून पहिल्या भेटीत चहा मिळत नाही. दुसऱ्या वर्षी मिळतो.

नोकरीचे

एमपीएससीच्या कृषी सेवा, बँकांतली कृषी अधिकाऱ्याची पदे, खत आणि साखर उद्योगाच्या प्रयोगशाळा, नागपूरचे मृदा सर्वेक्षण ब्युरो किंवा बारामतीजवळची अजैविक ताण संस्था यांमधली प्रकल्पांवरची कामे, आणि पुढे पीएचडी. शिकवायचे असेल तर नेट. हवामानाच्या हिशेबाची कामे करणाऱ्या खासगी कंपन्याही आता माणसे घेतात. तिथे आर आणि जीआयएस येणाऱ्याला आधी बोलावतात, खड्डा खणलेल्याला नंतर ठेवून घेतात.

उरलेली माती

तपासणी झाल्यावर प्रत्येक नमुन्याची दोनशे ग्रॅम तरी माती घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवा. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला १८४३ साली सुरू झालेल्या गव्हाच्या प्रयोगाची जुनी माती बाटल्यांत जपली आहे, म्हणून दीडशे वर्षांचा कर्ब आज मोजता येतो. आपल्याकडे प्रबंध जमा झाला की माती मागच्या अंगणात ओततात. बाटलीवर गाव, गट क्रमांक, जीपीएसचे आकडे, खोली, तारीख आणि त्या दिवशीचे पीक लिहा. तोच मजकूर कागदावर लिहून बाटलीच्या आतही टाका. लिहायचे पेन्सिलीने. माझ्या पहिल्या खेपेच्या चिठ्ठ्या शाईच्या होत्या आणि बाटल्या ठेवलेली खोली तळमजल्यावर, नदीच्या बाजूला होती.